चारशे बारा खळबळी

सत्कार ठरला आणि वायाळ सरांच्या झोपेचं खोबरं झालं.

सत्कार हा तोंडानं नको म्हणायचा आणि मनातून हवा असणारा प्रकार आहे. मंठ्याच्या वाचनालयाचं पत्र घेऊन राजानंद आला तेव्हा सरांनीही रीतीप्रमाणे दोनदा 'कशाला, कशाला' म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत पाकीट फुटलं होतं आणि चष्मा नाकावर चढला होता. 'साप्ताहिक दुधनाकाठचे मंठा येथील माजी वार्ताहर श्री. रामकिसन वायाळ सर यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार' इथपर्यंत सरांचा चेहरा फुलत गेला. पुढच्या ओळीवर तो जागच्या जागी थांबला. तिथं लिहिलं होतं : 'प्रमुख व्याख्यान, प्रा. डॉ. दीपमाला सरकटे, जालना. विषय : जुन्या बातम्यांतील खळबळ.'

"कोणाच्या बातम्या?" सरांनी विचारलं.

"तुमच्याच की सर!" राजानंद म्हणाला. राजानंद म्हणजे सरांचा शेजारी, झेरॉक्सच्या दुकानाचा मालक आणि वाचनालयाचा चिटणीस. या तिन्ही नात्यांनी तो सरांना सल्ला देत असे. "मॅडम दोन महिने येऊन बसून राह्यल्या वाचनालयात. दुधनाकाठचे सगळे बांधीव अंक काढले. बावीस वर्षांत तुमच्या बातम्यांत 'खळबळ' चारशे बारा येळा आली म्हणे. बिलकुल पक्का आकडा हाय. मोजताना मी सोता दोनदा चहा पाजला."

सरांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली आणि उगाच दोन्हीकडून पाहिली.

आता इथं सरांची बाजू मांडली पाहिजे, कारण ती मांडायला त्या काळात दुसरं कुणी नव्हतं. सर शाळेत मराठी शिकवत आणि शाळा सुटल्यावर वार्ताहर होत. तालुक्यात शंभरावर गावं आणि सरांकडे एक सायकल. तेव्हा सर बातमीकडे जात नसत, बातमी सरांकडे येत असे. स्टँडसमोरच्या हॉटेलात सर बसायचे, गावोगावची माणसं चहा पिता पिता सांगायची, सर घरी येऊन कार्बन लावून लिहायचे आणि शनिवारी पाकीट जालन्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे. गुरुवारी अंक यायचा. विहिरीवरची मोटर चोरीला गेली की परिसरात खळबळ उडायची. साहेबांची बदली झाली की खळबळ, बदली रद्द झाली की पुन्हा खळबळ. आठवडी बाजारात साडेतीन किलोचा मुळा आला तेव्हा खळबळ. बँकेत माकड शिरलं तेव्हा खळबळ, आणि ते आपणहून बाहेर पडलं तेव्हाही. सलग दोन दिवस नळाला पाणी आलं त्या आठवड्यात तर ती पहिल्या पानावर उडाली होती.

यातल्या चारशे अकरांबद्दल सरांना काहीच वाटलं नसतं. लोक हसले असते, सरही हसले असते. पण एक खळबळ मात्र छत्तीस वर्षं त्यांच्या तळपायात काट्यासारखी होती. चालताना लागायची नाही, थांबलं की लागायची.

एकोणनव्वद सालचा जून महिना. दहावीचा निकाल. त्या गुरुवारच्या अंकात तिसऱ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात छापून आलं होतं : 'वाघाळवाडी येथील बौद्धवाड्यातील कु. दीपमाला सरकटे ही दहावीच्या परीक्षेत मंठा केंद्रात प्रथम आली. या घटनेने परिसरात एकच खळबळ उडाली आहे.'

दीपमाला सरांची विद्यार्थिनी. वाघाळवाडीहून रोज पायी यायची, पहिल्या बाकावर बसायची, निबंधाची शेवटची ओळ नेहमी स्वतःची लिहायची. तिच्या निकालानं सरांना इतका आनंद झाला होता की घरी जाताना ते सायकल विसरून चालत गेले होते. आणि छापून काय आलं, तर खळबळ. चोरीला जी, माकडाला जी, तीच. बौद्धवाड्यातली पोर पहिली आली म्हणजे काय अपघात झाला? शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी ते मोठ्यानं वाचून हसलं तेव्हा सर खडूची पेटी शोधायला बाहेर गेले. उद्या जाऊन पोरीला आणि तिच्या आईला भेटू असं त्यांनी ठरवलं. उद्या पावसात गेला. परवा शाळा तपासणी निघाली. मग पोर पुढं शिकायला गेली, आणि बघता बघता छत्तीस वर्षं झाली.

सगळ्यात वाईट म्हणजे तो शब्द आपण लिहिला की नाही हे सरांना आठवत नव्हतं. हाताला सवय लागली की हात काय लिहितो ते डोक्याला कुठं कळतं? 'पोरगी काय समजली असंल,' हे एवढंच त्यांना पक्कं आठवत होतं. आणि आता ती पोरगी डॉक्टर होऊन, भर सभेत, सरांना शाल पांघरवून तीच बातमी वाचणार होती.

राजानंदला हे काही सांगायची सोय नव्हती. सर एवढंच म्हणाले, "लोकांना वाटेल मी काहीही लिहीत होतो."

"मंग सिद्ध करा ना सर!" राजानंदच्या डोळ्यांत दुकान उघडताना येते तशी चमक आली. "एक महिना हाय. ज्याच्या ज्याच्या बातम्या आल्या त्याच्याकडं जायचं. खरंच खळबळ उडाली व्हती का, लिहून घ्यायचं. सही, अंगठा, मोबाईल नंबर. कोणाची हिंमत हाय मंग खोटं म्हणायची?"

सरांना हे पटलं. बुडणाऱ्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर राजानंदनं काडीचा छापील नमुनाच करून आणला. 'मी, खाली सही करणार, लिहून देतो की, दिनांक ____ रोजीच्या ____ या घटनेने परिसरात खळबळ उडाली होती / उडाली नव्हती. (नको ते खोडावे.)' चारशे बारा खऱ्या ठरल्या तर त्यात ती एक खपून जाईल, असा सरांचा हिशेब. मराठीचे शिक्षक होते, गणिताचे नव्हते.

पहिला मान बद्रीनाथला मिळाला. गावाबाहेर मळा, एक्याण्णव साली विहिरीवरची मोटर चोरीला. सरांनी नमुना पुढं केला. बद्रीनाथनं तो खाटेवर पसरून तीनदा वाचला.

"खळबळ तं उडाली व्हती सर. पन मोटर कोन नेली ते तुमी लिवलंच न्हवतं."

"ते पोलिसांचं काम."

"मंग आता का आले?" बद्रीनाथनं नमुन्याकडे पाहिलं, सरांच्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं हाक मारली, "भारत! ये भारत! इकडं ये, मोटरची चौकशी पुन्हा सुरू झाली!"

भारत म्हणजे बद्रीनाथचा धाकटा भाऊ. तो गोठ्यातून आला, कागदावरचं 'सही' आणि 'मोबाईल नंबर' पाहिलं आणि पांढराफटक पडला. खाली बसला. म्हणाला, "दादा, सासऱ्याचा ऊस जळून राह्यल्ता. आठ दिवसांत वापस आणून ठिवणार व्हतो. मंग पेपरात आलं, तं आणायची हिंमत न्हाई झाली."

सर उठेपर्यंत दोघा भावांची बोलाचाली चालू होती, ती सर फाटकाशी पोचल्यावर बंद झाली आणि पुढं महिनाभर बंदच राहिली. बद्रीनाथनं मात्र नमुना इमानदारीनं भरला. 'उडाली नव्हती' खोडलं आणि खाली आपल्या हातानं लिहिलं, 'तव्हापेक्षा आज जास्त उडाली.'

दुसरी बातमी अंकुशनगरची. 'नवरदेव मांडवातून गायब. दोन तासांनी सापडला. वऱ्हाडी मंडळींत खळबळ.' नवरदेव तातेराव आता साखर कारखान्यातून निवृत्त होऊन घरी होते. सरांनी कात्रण काढलं, तातेरावांनी हळूच डोळ्यांनी खुणावलं, पण वाचायच्या चष्म्यातून सरांना समोरचं दिसत नव्हतं. त्यांनी कात्रण मोठ्यानं वाचून दाखवलं. दारात तातेरावांची बायको बेबीनंदा चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"गायब म्हंजे?" बेबीनंदा म्हणाल्या. "मला तं मुहूर्त पुढं गेला म्हणून सांगितलं व्हतं."

तातेरावांनी वर पंख्याकडे पाहिलं.

"कुठं गेल्ते?"

"उसाच्या गाडीत बसल्तो," तातेराव अगदी बारीक आवाजात म्हणाले. "भेव वाटलं व्हतं."

"माझं?"

यावर शहाण्या माणसानं काय उत्तर द्यावं हे कुठल्याच पुस्तकात नाही. तातेराव म्हणाले, "तवा पाहिलं कुठं व्हतं तुला." बेबीनंदांनी चहाचा ट्रे तसाच आत नेला. एकतीस वर्षांचा संसार, दोन लेकींची लग्नं, चार नातवंडं, आणि हे आज कळलं! सर निघाले तेव्हा तातेराव त्यांना स्टँडपर्यंत सोडायला आले, गाडी लागली तरी निघेनात, आणि शेवटी म्हणाले, "सर, आज मी घरी कसा जाऊ?"

माणुसकी म्हणून सरांनी त्यांना मंठ्याला आणलं. तातेराव चार दिवस सरांच्या ओसरीवर मुक्कामी होते. सकाळी दोन भाकरी खायचे आणि उसासे टाकायचे. पाचव्या दिवशी बेबीनंदा स्वतः रिक्षा करून आल्या, नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "गायब व्हायचं वय ऱ्हायलं का आता? चला," आणि दोघं गेले. जाताना तातेरावांनी नमुन्यावर सही केली, तिच्याखाली बेबीनंदांनी केली. सरांनी नोंदवहीत लिहिलं : 'घटना क्र. २. खळबळ उशिरा, परंतु भरपूर.'

मधल्या काळात राजानंदनं सरकारी पुरावा हवा असा मुद्दा काढला. सर एका कार्यालयात गेले. कुठल्या ते सांगत नाही, तिथं आपल्या सगळ्यांचीच पुन्हा कामं पडतात. पहिल्या टेबलानं विचारलं, खळबळ कोणत्या टेबलाला येते. दुसऱ्या टेबलानं सांगितलं, ती आपल्याकडे नाही, आवक-जावकला बघा. आवक-जावकवाल्यांनी विचारलं, खळबळ आवक होती की जावक. सरांनी माहितीच्या अधिकारात रीतसर अर्ज टाकला. उत्तर मात्र मुदतीच्या आत आलं, याचं श्रेय दिलंच पाहिजे : 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, खळबळ या नावाचे कोणतेही गाव, पाझर तलाव अथवा योजना या तालुक्यात अस्तित्वात नाही.'

तीन आठवड्यांत नऊ नमुने भरून झाले. त्यात सहांनी 'उडाली होती' खोडलं होतं. मुळ्यावाल्या शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, खळबळ कशाची, मुळा आम्हीच खाल्ला. एका गावात तर सर कुठल्या तरी योजनेची यादी करून राह्यले अशी बातमी पसरली आणि चाळीस माणसं आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन रांगेत उभी राहिली. त्या झेरॉक्स राजानंदच्या दुकानातल्या होत्या, त्यामुळे राजानंदचा उत्साह काही कमी होत नव्हता.

हा सगळा खेळ गिरिजाबाई बघत होत्या. सरांशी पन्नास वर्षांचा संसार म्हटल्यावर बाईला नवऱ्याच्या पाठीवरूनही कळतं की चेहरा कसा आहे. एका दुपारी शेंगा फोडता फोडता त्या म्हणाल्या, "अंकुशनगरला गेल्ते, मळ्यात गेल्ते, हापिसात गेल्ते. वाघाळवाडी तं इथून दोन कोसावर हाय."

सरांनी एक शेंग उचलली आणि न फोडताच परत ठेवली.

"आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी चाललाय तुमचा. त्या पोरीची बातमी तुमाला खाऊन राह्यली, मला काय दिसत न्हाई? जावा की तिच्या मायकडं. सरळ इचारा, वाईट वाटलं का म्हणून."

"मी लिहिलंच नसेल तर?" सर म्हणाले. "आधी ते कळू दे."

"मंग कळून घ्या. पन कोणाला तरी इचारून घ्या, फारम भरून नका."

दुधनाकाठचे संपादक वारले होते. छापखान्याच्या जागी आता कपड्याचं दुकान होतं. राहिला होता एकच माणूस, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा वसंता. तो जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या फाटकावर बसतो असं कळलं. सर सकाळच्या गाडीनं गेले. फाटकावर ट्रकांची रांग, बियाण्याच्या पोत्यांची धूळ, आणि त्या धुळीत बसून वसंता गाडीचे नंबर वहीत लिहीत होता. अक्षर असं, की लग्नपत्रिकेला घ्यावं.

"वायाळ सर!" त्यानं उठून पाया पडून खुर्ची दिली. सरांनी विषय काढला तसा तो हसायलाच लागला.

"खळबळ? सर, ती तं माझ्याकडं जुळवून ठिवलेली असायची!"

"म्हणजे?"

"म्हंजे ती पूर्ण ओळ. 'या घटनेने परिसरात एकच खळबळ उडाली आहे.' खिळे लावून, दोऱ्यानं बांधून खिडकीत ठिवलेली. आता कसं हाय, तुमची बातमी नेहमी शेवटच्या ओळीला अर्धी पडायची. साहेब म्हणायचे, कॉलम रिकामा दिसला न्हाई पाहिजे. मंग तुमची अर्धी ओळ काढायची आन् ही पूर्ण बसवायची. दोन मिन्टात काम. छापून झालं की धुवायची आन् पुन्हा खिडकीत."

सरांना एकदम हलकं वाटलं. आणि लगेच, त्या हलकेपणाच्या मागोमाग, भयंकर अपमान वाटला. बावीस वर्षं! लोक स्टँडवर अडवून म्हणायचे, सर, काय खळबळ उडवता तुम्ही. एका आमसभेत तर सरांच्या लेखणीचा उल्लेख 'खळबळजनक' असा झाला होता आणि सरांनी मान खाली घालून तो स्वीकारला होता. आणि ती लेखणी जालन्यात खिडकीत वाळत पडलेली होती!

"म्हणजे एकही माझी नाही?" सरांनी कळवळून विचारलं.

"असं कसं सर. पैली तुमचीच व्हती. तिच्यावरूनच तं जुळवली म्या."

दीपमालाच्या बातमीचं विचारलं तर वसंतानं मान हलवली. एवढ्या बातम्यांतली एक कुठून आठवणार? पण कार्बन असंल की तुमच्याकडं, तो म्हणाला. सर तडक परतले आणि घरात शिरता शिरता ओरडले, "माझ्या कार्बनच्या प्रती कुठायत?"

"कोणते कागद? ते निळे?" गिरिजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "ते तं डब्यांखाली हायेत की. चांगले जाड व्हते."

मराठी पत्रकारितेचा मंठा तालुक्यापुरता इतिहास गेली पंचवीस वर्षं गिरिजाबाईंच्या फळीवर अंथरलेला होता. सरांनी एक-एक डबा उतरवला. तिखटाखाली साहेबांची बदली निघाली, हळदीखाली ती रद्द झालेली. गुळाच्या डब्याला बँकेतलं माकड चिकटलेलं होतं. आणि कोपऱ्यात, शेंगदाण्याच्या तेलाच्या बरणीखाली, बरणीचा गोल डाग अंगावर घेऊन, तो कागद होता. शेवटची ओळ खरंच अर्धी होती : 'परिसरात आनंद पसरला.'

सर तिथंच पाटावर बसले. डोळे पुसायला हात वर केला तो तिखटाचा होता, त्यामुळे पुढचा अर्धा तास ते कशानं रडत होते हे गिरिजाबाईंनी विचारलं नाही.

रविवारी अकरा वाजता कार्यक्रम सुरू झाला. वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. बद्रीनाथ आणि भारत दोन टोकांना का होईना पण आले होते, तातेराव आणि बेबीनंदा शेजारी शेजारी बसले होते. पहिल्या रांगेत पांढऱ्या लुगड्यातली एक उंच, सडसडीत म्हातारी ताठ बसली होती. दीपमालाची आई, चांगुणाबाई. सरांनी तिला ओळखलं आणि खिशातला कागद चाचपला. त्याला अजून तेलाचा वास येत होता.

दीपमाला बोलायला उठली. आवाज तोच, पहिल्या बाकावरचा. तिनं मुळा सांगितला, नळ सांगितला, माकड आत आणि बाहेर दोन्ही सांगितलं. लोक हसून हसून वाकले. पण त्या हसण्यात ती सरांना एकटं पाडत नव्हती हे सरांच्या लक्षात येत होतं. "सरांच्या तालुक्यात काहीच किरकोळ नव्हतं," ती म्हणाली. "ज्या माणसाची मोटर गेली त्याच्यासाठी ती जगातली मोठी गोष्ट होती, आणि सरांनी ती तशीच छापायला पाठवली. आता चारशे अकरा झाल्या. एक मी शेवटी ठेवलीय..."

"थांब!" सर उभे राहिले. शाल एका खांद्यावरून घसरली. "थांबा मॅडम. ती वाचायच्या आधी मला बोलायचंय."

राजानंदला वाटलं सर नमुने वाचणार, त्यानं माईक धावत आणून दिला. सरांनी तेलकट कागद उलगडला.

"एकोणनव्वद साली ही पहिली आली," सर म्हणाले. "पेपरात आलं, खळबळ उडाली. चोरीला लिहितात ते माझ्या विद्यार्थिनीला लिहिलं गेलं. छत्तीस वर्षं मला तोंड दाखवायला लाज वाटली. पण तो शब्द माझा नव्हता. हा कागद बघा. मी लिहिलं होतं, परिसरात आनंद पसरला. छापखान्यात बदललं. चांगुणाबाई, मी तुमची माफी मागतो."

चांगुणाबाई उठल्या. त्यांना माईक नको होता.

"आनंद?" त्या म्हणाल्या. "कोणाला झालता सर?"

सरांनी माईक खाली घेतला.

"म्या पेढे केलते. वरच्या आळीत चार घरी पाठवले, तीन घरून वापस आले. पाटलाचं पोरगं दुसरं आलं, तं लोक म्हणून राह्यलते, पेपर फोडून दिला हिला, पुन्हा तपासा. आठ दिवस नुसता गोंधळ. कोणी बोलंना, कोणी बोललं तं टोचून बोलायचं. मंग तुमचा पेपर आला. मला तवा वाचता येत न्हवतं. दीपीला इचारलं, काय लिवलं गं सरानं? ती म्हणली, आई, परिसरात खळबळ उडाली. म्या म्हणलं, मंग बराबर लिवलं. माझ्या लेकीनं सगळा गाव हालवला, आन् ते छापून आलं." त्या थांबल्या. "आनंद लिवला असता ना सर, तं म्या तो पेपर चुलीत घातला असता."

सर कागदाकडे बघत होते. आयुष्यात एकदाच त्यांनी मनापासून शेवटची ओळ लिहिली होती, आणि ती एकच खोटी निघाली होती. खरं जे होतं ते खिडकीत, दोऱ्यानं बांधून ठेवलेलं होतं.

"मला झाला होता आनंद," सर अखेर म्हणाले. "परिसराला झाला असेल असं मी धरून चाललो. मी घरी बसून लिहिलं, बाई. वस्तीवर आलोच नव्हतो."

"मला म्हाईत हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "आले असते तं चहा केला असता."

दीपमाला हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. तिनं हातातलं भाषण मिटवलं आणि सरांची घसरलेली शाल नीट केली. "सर," ती म्हणाली, "माझ्या निबंधाची शेवटची ओळ आईनंच सांगून टाकली." मग चांगुणाबाई सरांकडे बघून म्हणाल्या, "छत्तीस वर्ष झाले. आता तं या."

कार्यक्रम संपायची वाटही कुणी पाहिली नाही. राजानंदच्या गाडीत सर, गिरिजाबाई आणि चांगुणाबाई, मागं दीपमालाची गाडी, तिच्यामागं तातेराव-बेबीनंदांची रिक्षा, आणि सगळ्यात शेवटी एकाच मोटारसायकलवर बद्रीनाथ आणि भारत, कारण भारतची पंक्चर झाली होती आणि बद्रीनाथ न बोलताच थांबला होता. असा ताफा वाघाळवाडीत शिरला. चांगुणाबाईंच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एक छोटी चौकट होती. आत पिवळं पडलेलं कात्रण. छापील अक्षरात 'आमच्या वार्ताहराकडून', आणि त्याच्यापुढं सोळा वर्षांच्या मुलीच्या हस्ताक्षरात, निळ्या शाईनं, 'म्हणजे वायाळ सर.'

सरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. चहा आला, सोबत बशीत पेढे आले. सरांनी एक तोंडात टाकला आणि दुसरा उचलला.

बाहेर तोवर गाव जमा झालं होतं. पांढरे कपडे, शाल, चार गाड्या. कुणी म्हणे मंत्री आले, कुणी म्हणे शाळा तपासणी, कुणी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊनच आलं होतं. वरच्या आळीतल्या बायाही पदर सावरत अंगणापर्यंत आल्या आणि चांगुणाबाईंनी त्यांच्याही हातांवर पेढे ठेवले. या खेपेला एकही परत आला नाही.

गिरिजाबाई उंबऱ्यावर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांनी सरांच्या सदऱ्याच्या खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"लिवा आता," त्या म्हणाल्या. "ह्या खेपेला सोता येऊन बघितलंय."